क्लाउड सर्व्हर वेळापत्रकाने चालू-बंद करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी क्लाउडवर एखाद-दुसरा सर्व्हर घेतलाय आणि दर महिन्याचं बिल बघून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, अशा कोकणातल्या व्यावसायिकांसाठी हे पान आहे. पतसंस्था, आंब्याच्या ऑनलाइन ऑर्डरी घेणारे बागायतदार, न्याहारी-निवासवाले, मच्छीमार सोसायट्या, कॉलेजं, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. उदाहरणं बहुतेक एडब्ल्यूएसची, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची, आहेत. अ‍ॅझ्युर (मायक्रोसॉफ्टची सेवा) आणि गूगल क्लाउड जिथे वेगळं वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

सर्व्हर रात्री बंद ठेवला तर खरंच पैसे वाचतात?

वाचतात. आठवड्याचे तास १६८. ऑफिस सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ७ धरलं तर कामाचे तास ६०. उरलेले १०८ तास सर्व्हर नुसता चालू असतो आणि त्याचं भाडं चढत असतं. म्हणजे भाड्यातले चौसष्ट टक्के पैसे रिकाम्या खोलीतल्या पंख्यावर जातात.

समजा सर्व्हरचं भाडं तासाला ५ रुपये आहे. महिनाभर अखंड चालला की साधारण ७३० तास, म्हणजे ३,६५० रुपये. फक्त ऑफिसच्या वेळेत चालवला तर २६० तास, म्हणजे १,३०० रुपये. एडब्ल्यूएस लिनक्स सर्व्हरचं भाडं सेकंदावर लावतं, कमीत कमी एक मिनिटाचं. त्यामुळे रोज चालू-बंद केल्याने वेगळा भुर्दंड पडत नाही.

आम्ही बंद करायला लागलो, पण बिल तेवढं उतरलं नाही. का?

कारण बंद होतं ते फक्त सर्व्हरचं भाडं. डिस्क तुमच्या नावावरच असते आणि तिचे पैसे चोवीस तास लागतात, सर्व्हर चालू असो वा नसो. वरच्या उदाहरणात डिस्कचे महिन्याला ८०० रुपये धरले तर बिल ४,४५० वरून २,१०० वर येईल. हेही निम्म्याहून कमीच आहे, पण चौसष्ट टक्के नाही.

दुसरी गोष्ट कायमच्या आयपी पत्त्याची. १ फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लावतं. पत्ता वापरात असला तरी आणि नुसता राखून ठेवला तरी. महिन्याला ३.६५ डॉलर. एका सर्व्हरला हे किरकोळ वाटतं, पण जुन्या प्रयोगांचे पाच-सहा पत्ते खात्यात तसेच पडून असतात ते कोणी बघत नाही. लोड बॅलन्सर (सर्व्हरांमध्ये कामाची वाटणी करणारा) आणि नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरांना इंटरनेटवर जाऊ देणारा) यांचंही तसंच: मागचे सगळे सर्व्हर बंद असले तरी त्यांचं तासाचं मीटर चालू राहतं.

कुठला सर्व्हर बंद ठेवावा आणि कुठला नाही?

बटणं शोधण्याआधी हा प्रश्न सोडवा. वेळापत्रक लावायला अर्धा तास पुरतो. रात्री त्या सर्व्हरवर कोण येतं हे नीट कळायला मात्र एखादा आठवडा नोंदी बघाव्या लागतात, आणि मालकाला वाटतं त्यापेक्षा उत्तर बहुधा वेगळं निघतं.

टॅलीचा रिमोट सर्व्हर, नवीन सॉफ्टवेअर तपासायचा सर्व्हर, कॉलेजच्या प्रॅक्टिकलचा, महिन्यातून दोनदा अहवाल काढायचा: हे बिनधास्त बंद करा. कॉलेजचा तर विशेषच. तास संपला की प्रयोगशाळेला कुलूप लागतं, सर्व्हरला मात्र कोणी लावत नाही.

आंब्याच्या ऑर्डरीची साइट बंद करू नका. देवगड असो की रत्नागिरी, पेटी मागवणारं गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात असतं आणि ते रात्री जेवणं आटपल्यावर मोबाइल हातात घेतं. मार्च ते मे या काळात तर रात्री दहा-अकराला येणाऱ्या ऑर्डरी सकाळपेक्षा जास्त असू शकतात. न्याहारी-निवासाच्या बुकिंगचं तेच. तारकर्लीला जायचा बेत शुक्रवारी रात्री ठरतो, सोमवारी सकाळी अकराला नाही.

पेमेंटची खबर घेणारा सर्व्हरही बंद करू नये. गिऱ्हाईकाने पैसे भरले की पेमेंट कंपनी तुमच्या सर्व्हरला निरोप पाठवते. सर्व्हर बंद असला तर ती काही वेळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि मग सोडून देते. पैसे खात्यात येतात, ऑर्डर मात्र 'बाकी' दिसते, आणि सकाळी फोनवर वाद.

मासळीचं वेळापत्रक वेगळंच. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला लिलावाची नोंद ठेवणाऱ्या सोसायटीला 'ऑफिसची वेळ' ही कल्पनाच लागू होत नाही. तिथे पहाटे चालू आणि दुपारी बंद, पुन्हा संध्याकाळी चालू, असं दुहेरी वेळापत्रक ठेवावं लागतं. होड्यांच्या जीपीएसची माहिती येत असेल तर तो सर्व्हर बंद करण्याचा विषयच नको.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच टायमर लावला तर?

तांत्रिकदृष्ट्या चालतं. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एक आज्ञा पाठवली की झालं. पण ज्या गावात पहिल्या पावसाला वीज जाते आणि तिच्या पाठोपाठ इंटरनेटही, तिथे संध्याकाळी सातला 'बंद हो' हा निरोप मुंबईच्या डेटा सेंटरला पोचेल याची खात्री कोण देणार? वेळापत्रक क्लाउडमध्येच ठेवा. तुमच्याकडे काळोख झाला तरी तिकडचं घड्याळ चालत राहतं.

एडब्ल्यूएसवर नेमकं काय करायचं?

दोन रस्ते आहेत. एक-दोन सर्व्हर असतील तर इव्हेंटब्रिज शेड्युलर वापरा. ही सेवा नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, आणि दर महिन्याचे पहिले १ कोटी ४० लाख निरोप फुकट आहेत. तुम्हाला दिवसाला दोन लागतील.

आधी एक 'रोल' (वेळापत्रकाला काय करायची मुभा आहे ते ठरवणारी ओळख) बनवा आणि त्याला फक्त दोन परवानग्या द्या: ईसीटू सर्व्हर (एडब्ल्यूएसवरच्या सर्व्हरांचं हे नाव) चालू करणं आणि बंद करणं. सगळं खातं उघडं करणारी परवानगी 'सध्यापुरती' देऊ नका. सध्यापुरतं दिलेलं कायमचं राहतं. मग दोन वेळापत्रकं बनवा, एक सुरू करायला आणि एक थांबवायला. प्रत्येकात सर्व्हरचा क्रमांक आणि वेळ टाका. 'लवचीक वेळ' असा पर्याय विचारला जाईल, तो बंद ठेवा, नाहीतर सर्व्हर दिलेल्या वेळेनंतर त्या मुदतीत केव्हाही सुरू होईल. 'टाइम झोन'मध्ये एशिया/कोलकाता निवडा.

सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठला सुरू करायचं असेल तर वेळेची ओळ अशी होते: ३० ८ ? * २-७ *. क्रम असा: मिनिट, तास, तारीख, महिना, वार, वर्ष. टाकताना अर्थात इंग्रजी अंक टाका. इथे वाराची गंमत लक्षात ठेवा. साध्या लिनक्स क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम करणारी लिनक्सची सोय) रविवार म्हणजे शून्य आणि सोमवार एक. एडब्ल्यूएसमध्ये रविवार म्हणजे एक. लिनक्सच्या सवयीने १-६ लिहिलं की रविवारी सर्व्हर चालू आणि शनिवारी ऑफिसात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले.

सर्व्हर दहा-वीस असतील, किंवा वेगवेगळ्या विभागांची वेगवेगळी वेळ असेल, तर 'इन्स्टन्स शेड्युलर ऑन एडब्ल्यूएस' हा एडब्ल्यूएसने स्वतः दिलेला तयार संच बसवा. त्यात वेळापत्रकं एका तक्त्यात राहतात आणि प्रत्येक सर्व्हरवर 'शेड्युल' नावाचं लेबल लावून त्याला कुठलं वेळापत्रक लागू ते सांगायचं. मागे एक लॅम्डा फंक्शन (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) ठरावीक मिनिटांनी उठून तक्ता बघतं. दोन सर्व्हरसाठी मात्र एवढा पसारा मांडू नये.

साडेआठची वेळ दिली होती, सर्व्हर दुपारी दोनला सुरू झाला!

यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून तिकडचे साडेआठ म्हणजे इकडचे दुपारचे दोन. इव्हेंटब्रिजमधले जुने 'रूल' फक्त यूटीसीच समजतात, टाइम झोन विचारतच नाहीत. नव्या शेड्युलरमध्ये टाइम झोन आहे, पण तो निवडावा लागतो. यूटीसीतच लिहायचं असेल तर सकाळी साडेआठसाठी ३ वाजता आणि संध्याकाळी साडेसातसाठी १४ वाजता असं लिहा.

पहाटेच्या वेळापत्रकात आणखी एक सापळा आहे. आपल्याकडे सोमवारचे पहाटेचे चार म्हणजे यूटीसीत रविवारचे रात्रीचे साडेदहा. वेळ बरोबर बदलली आणि वार बदलायचा राहिला की बंदरावरचा सर्व्हर सोमवारी बंद आणि रविवारी चालू. पहाटे साडेपाचच्या आधीच्या प्रत्येक वेळेला हे लागू आहे. उन्हाळी वेळ बदलण्याची भानगड आपल्या देशात नाही, एवढं तरी सुख.

अ‍ॅझ्युरवर सर्व्हर आतून शट डाउन केला. तरी पैसे लागतायत.

अ‍ॅझ्युरमध्ये 'थांबलेला' आणि 'थांबवून परत केलेला' या दोन वेगळ्या अवस्था आहेत. विंडोजच्या स्टार्ट मेनूतून शट डाउन केलं तर मशीन तुमच्या नावावर राखीवच राहतं आणि भाडं चालू राहतं. पोर्टलवरून 'स्टॉप' दाबलं की मशीन परत जातं आणि भाडं थांबतं. अवस्थेपुढे कंसात 'डीअ‍ॅलोकेटेड' दिसलं तरच निश्चिंत व्हा.

बंद करण्याची सोय अ‍ॅझ्युरने प्रत्येक मशीनच्या पानावरच दिली आहे, 'ऑटो-शटडाउन' नावाने. ती मशीन परतही करते आणि अर्धा तास आधी ईमेलही पाठवू शकते. पण ती फक्त बंद करते. सकाळी चालू करायला वेगळी व्यवस्था लागते. म्हणून नवखे लोक संध्याकाळचं ऑटो-शटडाउन लावतात आणि सकाळी पहिल्या आलेल्या माणसाला हाताने चालू करायला सांगतात. लहान ऑफिसात तेही वाईट नाही.

गूगल क्लाउडवर?

तिथे 'इन्स्टन्स शेड्युल' आहे, चालू-बंद दोन्ही एकाच ठिकाणी, टाइम झोनसकट. दोन गोष्टी सांभाळा. वेळ झाल्यावर सर्व्हर हलायला पंधरा मिनिटांपर्यंत उशीर होऊ शकतो, म्हणून नऊला हवा असेल तर पावणेनऊ लिहा. आणि गूगलच्या कॉम्प्युट इंजिन सेवेच्या खात्याला सर्व्हर चालू-बंद करण्याची परवानगी तुम्ही द्यावी लागते. ती नसली तर वेळापत्रक दिसतं छान, पण होत काहीच नाही.

आमचा सर्व्हर डिजिटलओशनवर आहे.

तिथे बंद केलेल्या सर्व्हरचेही पूर्ण पैसे लागतात, कारण मशीन तुमच्यासाठी राखीव राहतं. पैसे वाचवायचे तर स्नॅपशॉट (डिस्कची त्या घडीची पूर्ण प्रत) घेऊन सर्व्हर नष्ट करावा लागतो आणि हवा तेव्हा स्नॅपशॉटवरून नवा उभा करावा लागतो. रोज हे करण्यात राम नाही. हंगामी कामाला ठीक आहे.

बॅकअप रात्री दोनला होतो. सर्व्हर बंद असेल तर त्याचं काय?

होत नाही, आणि झाला नाही हे कोणी सांगतही नाही. लिनक्सचं क्रॉन हुकलेलं काम नंतर भरून काढत नाही. वेळापत्रक लावलेल्या सर्व्हरवर पहिला मोठा घात इथेच होतो: सहा महिने बिल कमी येतंय म्हणून सगळे खूश, आणि डिस्क बिघडते त्या दिवशी कळतं की शेवटचा बॅकअप सहा महिन्यांपूर्वीचा आहे.

म्हणून सर्व्हर बंद करायला लागण्यापूर्वी त्यावर रात्री काय काय चालतं त्याची यादी काढा. बॅकअप, अहवाल, एसएमएस, सुरक्षा प्रमाणपत्राचं नूतनीकरण. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. ते नवं करायचं काम रात्री तीनला लावलं असेल तर एके दिवशी सकाळी गिऱ्हाईकाला 'ही साइट सुरक्षित नाही' असं लाल पान दिसतं.

इलाज सोपा आहे. ही कामं दिवसात आणा. बंद व्हायच्या तासभर आधीची वेळ चांगली. क्रॉनऐवजी लिनक्सच्या सिस्टमडीचे टायमर वापरत असाल तर त्यात 'पर्सिस्टंट' चालू करा, म्हणजे हुकलेलं काम सर्व्हर उठल्याबरोबर होतं. आणि डिस्कचा स्नॅपशॉट घ्यायचं काम एडब्ल्यूएस बॅकअपकडे सोपवा. त्याला सर्व्हर चालू असण्याची गरज नाही. उलट बंद सर्व्हरच्या डिस्कचा स्नॅपशॉट जास्त स्वच्छ येतो, कारण त्या वेळी कोणी काही लिहीत नसतं.

बंद केल्यावर डेटा जातो का?

ईबीएस डिस्कवरचा, म्हणजे एडब्ल्यूएसच्या नेहमीच्या कायम डिस्कवरचा, जात नाही. मेमरीतला जातो, म्हणजे न साठवलेली पावती गेली. काही महागड्या ईसीटू प्रकारांत मशीनलाच जोडलेली तात्पुरती डिस्क असते, तिच्यावरचंही जातं. अ‍ॅझ्युरच्या विंडोज सर्व्हरवर डी ड्राइव्ह तात्पुरती असते. तिथे 'जागा भरपूर आहे' म्हणून हिशेब ठेवणारे भेटतात. त्यांना आजच सांगा.

खरी भीती वेगळी आहे. ज्या मेनूत 'स्टॉप' असतं त्याच मेनूत 'टर्मिनेट', म्हणजे सर्व्हर कायमचा नष्ट करणं, हेही असतं, आणि टर्मिनेट केल्यावर मूळ डिस्क सहसा सर्व्हरबरोबरच पुसली जाते. हाताने चालू-बंद करणारी माणसं असतील तर टर्मिनेशन प्रोटेक्शन लावून ठेवाच.

सकाळी सर्व्हर सुरू होतो, पण कोणाला सापडत नाही.

पत्ता बदललाय. ईसीटूला आपोआप मिळालेला सार्वजनिक आयपी बंद करताना सुटतो आणि चालू करताना नवा मिळतो. इलास्टिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, जोडा. वर सांगितलेले महिन्याचे ३.६५ डॉलर इथे सत्कारणी लागतात. हेही बघा की सर्व्हर उठल्यावर डेटाबेस आणि वेबसाइट आपोआप उठतात का. कोणीतरी कधीतरी हाताने सुरू केलेली सेवा पहिल्या रात्रीनंतर पुन्हा उठत नाही. वेळापत्रक लावण्याआधी भर दिवसा एकदा बंद करून चालू करा आणि काय काय उठत नाही ते बघा.

मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत सगळंच बंद ठेवायचं आहे.

१ जून ते ३१ जुलै सोसायटीचा लिलाव बंद, म्हणून सर्व्हरही बंद, हा विचार योग्य आहे. सर्व्हर निमूट बंद राहील. डेटाबेस आरडीएसवर (एडब्ल्यूएसची तयार डेटाबेस सेवा) असेल तर तो मात्र राहणार नाही. आरडीएस जास्तीत जास्त सात दिवस बंद ठेवता येतो. देखभालीचे बदल हुकू नयेत म्हणून त्यानंतर तो आपला आपण चालू होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात बंद करून घरी गेलात तर दुसऱ्या आठवड्यापासून त्याचं भाडं सुरू.

यावर 'रोज रात्री बंद कर' असं एक वेळापत्रक फक्त बंदीच्या काळापुरतं लावता येतं: चालू सापडला तर बंद होतो, आधीच बंद असला तर निरोप वाया जातो, बाकी काही नाही. दोन महिन्यांसाठी आम्हाला दुसरा मार्ग जास्त पटतो. शेवटचा स्नॅपशॉट घ्या, तो उघडतो का ते एकदा तपासा, आणि डेटाबेस काढून टाका. जुलैच्या शेवटी स्नॅपशॉटवरून परत उभा करा.

परत उघडताना १ ऑगस्टची पहाट गाठू नका. दोन महिने झोपलेल्या सर्व्हरवर सुरक्षेचे अपडेट साचलेले असतात, विंडोज असेल तर पहिला दिवस त्यातच जातो, आणि सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असू शकते. चार दिवस आधी चालू करून सगळं तपासून घ्या.

गणपतीला ऑफिस बंद असतं. वेळापत्रकाला ते कळतं का?

कळत नाही. त्याला वार आणि तारीख कळते, तिथी नाही. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. शिमग्याचं तर गावागणिक वेगळं. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर समोर घेऊन सुट्ट्यांच्या तारखा हाताने भरणं हाच उपाय. किंवा काहीच न करणं: पाच दिवस सर्व्हर ऑफिसच्या वेळेत रिकामा चालला तर पन्नास तासांचं भाडं जाईल, वरच्या हिशेबाने २५० रुपये. त्यासाठी डोकं खाजवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

चाकरमानी गावी आलेले असताना बुकिंगची साइट किंवा प्रसादाच्या ऑर्डरी जोरात असतील तर उलट काळजी घ्या. ऑफिस बंद म्हणजे धंदा बंद असं नसतं.

मार्चअखेरीला आम्ही रात्री अकरापर्यंत बसतो. सातला सर्व्हर जातो आणि ओरड होते.

तीन उपाय आहेत. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात बंद करायचं वेळापत्रक सरळ स्थगित ठेवा आणि १ एप्रिलला पुन्हा चालू करायची आठवण एखाद्याच्या फोनमध्ये लावा. दुसरा उपाय, ऑफिसातल्या दोघा-तिघांना फक्त 'चालू करण्याची' परवानगी द्या. एडब्ल्यूएसचं मोबाइल अ‍ॅप आहे, त्यातून ते लगेच पुन्हा सुरू करू शकतात. आमच्या मते चालू करण्याचा हक्क सढळ हाताने द्यावा, बंद करण्याचा नाही.

तिसरा, वेळेऐवजी रिकामेपणावर बंद करणं. एडब्ल्यूएसच्या क्लाउडवॉच या देखरेखीच्या सेवेत 'तासभर प्रोसेसरचा वापर अमुक टक्क्यांच्या खाली राहिला तर सर्व्हर थांबव' असा अलार्म लावता येतो. सॉफ्टवेअर तपासण्याच्या सर्व्हरला हे उत्तम. टॅलीच्या सर्व्हरला लावू नका. पावत्या टाकणाऱ्या चार माणसांनी प्रोसेसर फारसा हलत नाही, आणि सर्व्हर त्यांना रिकामा समजून बंद होईल. तिथे घड्याळच बरं, आणि बंद व्हायच्या पंधरा मिनिटं आधी स्क्रीनवर एक सूचना.

तीन वर्षांचा करार करून सूट घेतली आहे. त्यावरही वेळापत्रक लावू?

नको. रिझर्व्ह्ड इन्स्टन्स आणि सेव्हिंग्ज प्लॅन हे दोन्ही करार तासागणिक पैसे घेतात, तुम्ही वापरा वा न वापरा. करार चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरसाठी, वेळापत्रक बाकीच्यांसाठी. दोन्ही एकाच सर्व्हरवर लावून दुप्पट बचत होत नाही.

सर्व्हर ऑटो स्केलिंग गटात (गरजेप्रमाणे सर्व्हरांची संख्या वाढवणारा-कमी करणारा गट) आहे.

मग तो थेट थांबवू नका. गटाला वाटतं मशीन आजारी पडलं, आणि तो त्याच्या जागी नवं उभं करतो. गटाचीच संख्या वेळेनुसार शून्यावर आणा. त्याची सोय गटातच आहे.

मालवणच्या एका ग्राहकाच्या शब्दांत: ह्यां सगळां बघतलो कोण?

एक माणूस ठरवा आणि एक पर्यायी. पर्यायी माणूस जिल्ह्याबाहेरचा असावा, असा आमचा आग्रह असतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. अशा वेळी ऑफिसचं वेळापत्रक इमानदारीने रोज सर्व्हर चालू करत राहतं आणि वापरणारं कोणी नसतं. पुण्यात भाचा असेल, ठाण्यात बहीण असेल, त्यांच्याकडे बंद करण्याचा हक्क आणि आणीबाणीत काय बंद करायचं याचं अर्धं पान असावं. स्वतःचा पासवर्ड देऊ नका. त्यांच्या नावाचं वेगळं खातं बनवा, म्हणजे कोणी काय केलं ते क्लाउडट्रेलच्या नोंदीत दिसतं.

चालू व्हायची वेळ झाली आणि सर्व्हर चालूच झाला नाही. काय बघायचं?

आधी हाताने चालू करा, लोक खोळंबलेत. मग कारण शोधा.

हातानेही होत नसेल आणि 'क्षमता अपुरी' असा संदेश येत असेल, तर त्या प्रकारची मशीनं त्या घडीला त्या झोनमध्ये (डेटा सेंटरांच्या त्या गटात) शिल्लक नाहीत. रोज बंद करणाऱ्याने हा धोका पत्करलेला असतो, कारण बंद केलं की मशीन दुसऱ्याला मिळू शकतं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा, किंवा सर्व्हरचा प्रकार बदलून चालू करा. बंद असताना प्रकार बदलता येतो. सकाळची वेळ अर्धा तास अलीकडे ओढून ठेवली की असल्या धावपळीला जागा मिळते.

हाताने होतो पण वेळापत्रकाने होत नाही, तर परवानगीत गोम आहे. त्यातही सर्व्हर क्षणभर सुरू झाल्यासारखा दिसून लगेच बंद पडत असेल तर डिस्क कूटबद्ध आहे का ते बघा. केएमएसमध्ये (एडब्ल्यूएसची किल्ल्या सांभाळणारी सेवा) स्वतः बनवलेल्या किल्लीने डिस्क कूटबद्ध केली असेल तर वेळापत्रकाच्या रोलला ती किल्ली वापरायची वेगळी परवानगी लागते. तुमच्या स्वतःच्या खात्याला ती असते, म्हणून हाताने चालतं. तासन् तास घालवणारा बिघाड हाच असतो.

क्लाउडट्रेलमध्ये 'चालू कर' ही आज्ञा आलेलीच दिसत नसेल, तर वेळापत्रक स्थगित आहे का, आणि टाइम झोन व वार बरोबर आहेत का ते तपासा. मार्चमध्ये स्थगित केलेलं एप्रिलमध्ये तसंच राहिलेलं बऱ्याचदा सापडतं. आज्ञा आली आहे, सर्व्हरही चालू आहे, आणि तरी लोक आत जाऊ शकत नाहीत, असं असेल तर वरचा आयपीचा प्रश्न वाचा.